पन्नास पैसे किलोमीटर

निरवांगीत कुंडलिकतात्यांकडे गाडी मागायला गेला नाही असा माणूस शोधायचा म्हटलं, तर शाळेच्या पटावरची पोरं सोडून कुणी सापडायचं नाही. मी स्वतः तीनदा गेलोय. एकदा बायकोच्या माहेरी बारसं होतं म्हणून, एकदा आईचे डोळे दाखवायला, आणि एकदा, आता सांगायला लाज वाटते, नुसती साडूवर छाप पाडायला. त्यामुळे तात्यांच्या बाबतीत गावानं काय केलं ते मी सांगेन, तेव्हा त्या गावात मलाही धरावं. मी इथला पोस्टमास्तर. तात्यांच्या घराला लागूनच माझं घर, मधे एक कुडाची भिंत. तिकडचं बोलणं इकडे ऐकू यायचं, न ऐकायचं ठरवलं तरी.

तात्यांनी एसटीत अठ्ठावीस वर्षं काढली, सगळी बारामतीला, वर्कशॉपच्या खड्ड्यात. वरून बस, खाली तात्या. शनिवारी संध्याकाळी गावाला यायचे, सोमवारी पहाटे परत. इतकी वर्षं गाड्यांच्या पोटाखाली राहून त्यांना एक खोड लागली होती. कुठलीही वस्तू बघितली की ती किती चालेल आणि किलोमीटरला कितीला पडेल, हे ते मनात मांडायचे. टायर इतके हजार, लायनर इतके हजार, क्लचप्लेट इतके. लग्नात नवरदेवाच्या जीपकडे बघून शेजारच्याला हळूच म्हणायचे, "स्प्रिंगचे पाटे गेल्यात हिचे. दिवाळी बघत न्हाय." आणि खरंच ती जीप दिवाळीच्या आत गॅरेजला जायची.

एक्क्याण्णवच्या दिवाळीत तात्या रिटायर झाले. फंडाचे पैसे आले. कुणी म्हणालं विहिरीवर मोटार बसवा, कुणी म्हणालं दोन संकरित गाई घ्या. तात्यांनी बारामतीच्या एका डॉक्टरांची जुनी पांढरी अँबेसेडर घेतली. पेट्रोलची. गावात हसू झालं. मेकॅनिक माणूस, आयुष्यभर लोकांच्या गाड्या केल्या, आता स्वतःची मिरवायची हौस आली, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. खरं कारण मला भिंतीपलीकडून कळलं.

ती गाडी प्रयागबाईंसाठी होती. प्रयागबाई तात्यांची बायको, माहेर वरकुट्याचं. तिच्या बापाची मेंढरं होती, दीड-दोनशे. दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड घोड्यावर लादून ही माणसं मेंढरं घेऊन पायी कोकणात उतरायची. तिथल्या भाताच्या मोकळ्या खाचरांत रात्री मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात शेतकरी भात द्यायचा. पाऊस तोंडावर आला की परत वर. प्रयागबाई नऊ वर्षांची असताना अशाच एका खाचराच्या कडेला तिची आई तापानं गेली. कुशाबाई नाव. शेतकरी भला होता, त्यानं बांधालगतची जागा दिली. तिला तिथंच पुरलं, वर दगड रचले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बिऱ्हाड हललं, कारण मेंढरांना चारा लागतो, मेंढरं दुःखासाठी थांबत नाहीत. पुढं दोन वर्षं येता-जाता तिनं तिथं दगड वाहिला. मग लग्न झालं. बापानं मेंढरं विकून जिरायत घेतली. त्यानंतर चाळीस वर्षं त्या बाजूला कुणी गेलंच नाही.

"तिला तितं एकलीला ठिवून आलो आमी," प्रयागबाई म्हणायच्या. दुसरं काही मागणं त्यांनी आयुष्यात कधी केलेलं मला ठाऊक नाही. सोनं नाही, साडी नाही. एकदा आईच्या त्या जागेवर जाऊन हिरवं लुगडं ठेवायचं, एवढंच.

आता कुणी म्हणेल, एसटीनं जावं. पण गावाचं नाव कुणाला माहीत होतं? प्रयागबाईंना ओढा आठवायचा, एक वाकडा आंबा आठवायचा. जागा नक्की सांगू शकेल असा जगात एकच माणूस उरला होता, त्यांचा थोरला भाऊ जयवंता. आणि त्यालाही नाव सांगता येत नव्हतं. "घाट उतरलो की माझं पाय सांगत्यात," तो म्हणायचा. अशा माणसाला घेऊन जायचं तर गाडी आपली पाहिजे, जिथं म्हणेल तिथं थांबणारी, चुकलं तर मागं फिरणारी, आणि कटकट न करणाऱ्या माणसाच्या हातातली. तात्यांनी हे सगळं मांडूनच अँबेसेडर घेतली होती.

पहिलं वर्ष गाडी सुखात होती, आणि तात्याही. कुणी मागायला आलं तर तात्या कधीच नाही म्हणायचे नाहीत. म्हणायचे, "न्या की. मी येतो चालवायला. पेट्रोल तेवढं टाका." बस. पेट्रोल तेव्हा सोळा रुपयांच्या वर गेलेलं. गाडी लिटरला नऊ किलोमीटर द्यायची. म्हणजे एक रुपया ऐंशी पैसे किलोमीटर, नुसतं पेट्रोल. बारामतीला जाऊन यायचं तर दीडशे रुपयांच्या आसपास. समोरचा माणूस तोंडातल्या तोंडात हिशेब करायचा, मग म्हणायचा, "नको तात्या, येष्टीनंच जातो. उगं तुमाला तरास." आणि दोघंही एकमेकांचा मान राखून मोकळे व्हायचे. कुणाचं मन दुखलं नाही, कुणी कुणाला नाही म्हटलं नाही.

भाडं घ्यायचा तर प्रश्नच नव्हता. गाडी खाजगी, आणि गावातल्या माणसाकडून भाडं घेणं म्हणजे गावात राहून परक्यासारखं वागणं. शिवाय तात्यांच्या डोक्यावर गावाचं एक जुनं ओझं होतं. ते बारामतीला खड्ड्यात असताना इकडे प्रयागबाई एकट्या. रेश्माच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, जन्माच्या वेळी अडली होती बाई. सर्जेरावांनी स्वतःची बैलगाडी जुंपून, स्वतः कासरा धरून तिला इंदापूरला नेलं होतं. सर्जेराव म्हणजे आमच्या गावचे मोठे बागायतदार, सोसायटीचे चेअरमन. त्यांनी ही गोष्ट पुन्हा कधी काढली नाही. त्यांनी काढली असती तर बरं झालं असतं, तात्यांना निदान भांडता आलं असतं.

ब्याण्णवच्या हिवाळ्यात कोकणात जायचं ठरलं. दिवस धरला. प्रयागबाईंनी इंदापूरहून लुगडं आणलं. आणि आदल्या आठवड्यात तात्यांच्या डोक्यात तो हिशेब शिरला.

मी भिंतीपलीकडून ऐकलाय तो, शब्दन्‌शब्द. जाऊन येऊन, तिथं फिरून, पाचशे किलोमीटर. पेट्रोल नऊशे रुपयांचं. गाडीला डिझेल इंजिन बसवलं तर लिटरला चौदा किलोमीटर, डिझेल सात रुपये, म्हणजे पन्नास पैसे किलोमीटर. नऊशेच्या जागी अडीचशे.

"एका फेरीत साडेसहाशे वाचत्यात, अगं."

"आन् इंजिन किती पडंल?"

"बसवून बावीस हजार. पर सतरा हजार किलोमीटरला फिटतंय. तीनेक वर्षं. त्याच्या फुडं सगळा नफाच."

"मग ह्या बारीला पेट्रोलवरच जाऊन येऊ की," प्रयागबाई म्हणाल्या. "एकदाच जायचं हाय. तिला काय, कशावर आली लेक, ते थोडंच कळतंय?"

तात्या हसले. चांगला माणूस, पण अठ्ठावीस वर्षं खड्ड्यात काढलेला. तोटा समोर दिसत असताना गाडी बाहेर काढणं त्यांच्या हाताला जमेना. "म्हैनाभराचा तर सवाल हाय," ते म्हणाले.

बारामतीत झुंबर मिस्त्री म्हणून होता, तात्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्याच्या गॅरेजात त्र्याण्णवच्या फेब्रुवारीत पेट्रोल इंजिन उतरलं आणि एक जुनं, पण तात्यांनी स्वतः उघडून बघितलेलं, डिझेल इंजिन चढलं. कागदपत्रांवर नोंद झाली. गाडी गावात शिरली तेव्हा तिचा आवाज बदलला होता. लोक घराबाहेर आले. मारुतीपुढं नारळ फुटला. सोपान पाटकरी, पाणी सोडायचं काम करणारा, बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "तात्या, आता कितीला पडती वो?"

तात्यांनी अभिमानानं सांगितलं, "पन्नास पैसे किलोमीटर!"

माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक ती. इंजिन बदलणं ही चूक नव्हती. ते हिशेबानं बरोबरच होतं. भर चौकात भाव सांगणं ही चूक होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोपानच पहिला आला. बहिणीला वरकुट्याला सोडायचं होतं. तात्या सवयीनं म्हणाले, "न्या की. डिझेल तेवढं टाका." सोपाननं तोंडातल्या तोंडात हिशेब केला, आणि खिशात हात घालून लगेच वीस रुपये काढले. एसटीला सगळ्यांचं मिळून तेवढंच पडलं असतं. वर मोटारीतून उतरायचा थाट.

त्यानंतर थांबणंच नाही. लग्नाला नवरी आणायला, सोयरिकीला मुलगा दाखवायला, नरसिंहपूरला कुलदैवताला, बाळंतिणीला, तालुक्याला तारखेला. मेहुणा रुसला तर समजूत घालायला. एकानं बोकड आणला डिकीतून. आणि तात्यांना गाडी दुसऱ्याच्या हातात देववत नव्हती, लोक क्लचवर पाय ठेवून चालवतात, प्लेट जळते म्हणून. म्हणजे गाडी गेली की तात्या गेलेच. लोकांच्या मांडवाबाहेर, लोकांच्या दवाखान्याबाहेर, कोर्टाच्या लिंबाखाली ते स्टिअरिंगवर पेपर पसरून बसलेले असायचे. एसटीत निदान शनिवारी सुटका होती.

कोकणात जायचं तर दिवाळी ते वैशाख. पावसात खाचरं भरतात, जागा दिसणार नाही. आणि लग्नसराई तीच. दर वर्षी तात्या दिवस धरायचे, जयवंताला निरोप जायचा, आणि नेमकी त्याच दिवशी कुणाची तरी हळद निघायची. "आमचं काय, कवाबी जाता यील," तात्या समोरच्याला म्हणायचे. भिंतीपलीकडे मग भांडी घासायचा आवाज जरा मोठा यायचा, तेवढाच.

सतरा हजार किलोमीटर व्हायला तीन वर्षं लागायची होती, ती दहा महिन्यांत झाली. तात्यांचा हिशेब खरा ठरला, अपेक्षेपेक्षा लवकर. एक दिवस माझ्या ओट्यावर बसून ते म्हणाले, "मास्तर, महाग हुतं तवर गाडी माझी हुती."

मी हसलो. ते हसले नाहीत.

नंतर एकदा ते झुंबरकडे गेले आणि जुनं पेट्रोल इंजिन परत बसवायला किती घेशील म्हणून विचारलं. झुंबरला वाटलं, गुरुजींना ऊन लागलं. फायद्यातली गाडी तोट्यात घालायला कोण येतं? पण इंजिन राहिलंही नव्हतं. भीमेकाठच्या कुणीतरी ते भंगाराच्या भावानं नेलं होतं आणि रॉकेलवर चालवून नदीचं पाणी उपसत होता. तात्या तिथं जाऊन बघून आले म्हणे. बराच वेळ उभे राहिले आणि तसेच परत आले.

शहाण्णवला सर्जेरावांचा मुलगा विजयसिंह पुण्याला कसल्याशा प्रदर्शनात बॅटरीवर चालणारी मोटार बघून आला. पारावर त्यानं सांगितलं, धूर नाही, आवाज नाही, आणि खर्च म्हणाल तर डिझेलच्याही निम्मा. सगळ्यांनी तात्यांकडे बघितलं. तात्यांनी त्याला नीट विचारलं, बॅटऱ्या किती, किती वर्षं टिकतात, नव्या बसवायला किती. उत्तरं आल्यावर बोटांवर मोजत म्हणाले, "वीज सस्ती हाय, बॅटरी न्हाय. चार वर्षांचं मांडलं तर डिझेलच्या वरच जाती. आन् आठ-आठ तास लाईट नसल्यावर ती मोटार काय बैलानं वढायची?" वर म्हणाले, "त्यात तुमी तारंवर आकडा टाकून फुकट चार्ज करून आणणार. मग तर मला घरला जेवायलाबी सोडणार न्हाय." पार हसला. सोपान सगळ्यात जास्त हसला.

पण त्या बोलण्यातून तात्यांना एक वाट सुचली. बॅटरीचा खर्च लोकांच्या लक्षात आला नव्हता, तो सांगितल्यावर आला. मग डिझेलच्या गाडीचाही खरा खर्च यांच्या लक्षात आलेला नाही, एवढंच असेल. सांगितला की शरमतील. नाही म्हणायची गरजच पडणार नाही. बिचाऱ्यांनी माझ्याकडून फुलस्केपचा कागद मागून नेला आणि दोन संध्याकाळी बसून लिहिला.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत सर्जेराव गाडी मागायला आले. विजयसिंहाचा साखरपुडा व्हायचा होता, माळशिरसच्या बाजूला, दिवस अजून ठरला नव्हता. तात्यांनी त्यांना बसवलं, चहा दिला, आणि कागद पुढं ठेवला. त्यात किलोमीटरला डिझेल पन्नास पैसे होतं. मग टायर अठरा पैसे. मग क्लच, पाटे, किंगपिन, लायनर, बॅटरी, ऑइल. मग इंजिन उतरवायची वेळ आली की लागणारे पैसे, ते आधीपासून बाजूला टाकायला हवेत ते. सगळं मिळून एक रुपया चाळीस पैसे.

"म्हंजी बघा चेअरमन," तात्या म्हणाले, "लोक तेल टाकत्यात ते पन्नास पैशे. वरचं नव्वद पैशे किलोमीटरला माझ्या अंगावर. डिझेल म्हंजी खर्च न्हाय. टायर हाय खर्च. चारी टायर बघा, तारा दिसाय लागल्यात."

सर्जेराव कागद वाचत राहिले. मनापासून वाचत होते, मी समोरच होतो. मग त्यांनी तो घडी घालून खिशात टाकला. "तात्या, आमाला हे ठावंच नव्हतं," एवढंच म्हणाले आणि उठले. साखरपुड्याचं पुन्हा बोलले नाहीत.

त्यानंतर पंधरा दिवस तात्यांकडे कुणी फिरकलं नाही. एकही माणूस नाही. अँबेसेडर लिंबाखाली उभी, तिच्यावर पाला पडलेला. तात्या सकाळी तो पाला झाडायचे आणि मला म्हणायचे, "मास्तर, कागदानं काम केलं." त्यांनी सोमवार धरला. जयवंता वरकुट्याहून येऊन राहिला, पंच्याहत्तरीचा, काठी टेकत, पण डोळे लख्ख. प्रयागबाईंनी दशम्या केल्या. भिंतीपलीकडे बहीणभाऊ त्या रस्त्यावरच्या खुणा आठवत बसले होते. ओढ्याच्या अलीकडं की पलीकडं, यावर दोघांचं भांडण झालं आणि दोघंही हसत होते. प्रयागबाईंना हसताना मी कित्येक वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

गाव काय करतंय ते मला मात्र माहीत होतं. आठ दिवस आधीपासून माहीत होतं. गावात माझं अक्षर बरं म्हणून मानपत्र माझ्याकडून लिहून घेतलं होतं. कुणाला सांगायचं नाही, तात्यांना अचानक आनंद द्यायचा, अशी ताकीद होती. आणि खरं सांगतो, मलाही ते आनंदाचंच वाटलं. सोमवारी ते जाणार आहेत हे मला ठाऊक होतं. त्याच सोमवारी साखरपुडा आहे हे मला ठाऊक नव्हतं. विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

रविवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढं सतरंजी अंथरली. तात्यांना बोलावून आणलं. प्रयागबाई बायकांत बसल्या. पुढं टेबलावर चार नवे कोरे टायर, प्रत्येकाला झेंडूचा हार. गावानं घरटी वर्गणी काढली होती. ज्या सोपाननं वीस रुपयांत मिरवून घेतलं होतं त्यानं पन्नास दिले होते.

सर्जेरावांनी तात्यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. मग खिशातून तोच फुलस्केप कागद काढून सगळ्यांना वाचून दाखवला. "आमी अडाणी मान्सं," ते म्हणाले. "तेल टाकलं की फिटलं, आसं समजत हुतो. ह्या मान्सानं चार वर्षं नव्वद पैशे किलोमीटर सोसलं आन् त्वांड उघडलं न्हाय. आता गाव सोसंल. टायर गावाचं. फुडचा क्लच गावाचा. तात्या, तुमी आता कशाची काळजी करायची न्हाय. गाडी जलमभर चालली पायजे."

टाळ्या पडल्या. मग मी उभा राहून मानपत्र वाचलं. त्यात मी लिहिलं होतं की, 'आपण गावासाठी पंच्याऐंशी हजार किलोमीटर धावलात.' ते वाक्य मला फार जमलंय असं वाटलं होतं.

शेवटी सर्जेराव म्हणाले, "आन् नव्या टायरची सुरवात उद्या आमच्या इजयच्या साखरपुड्यानं. सकाळी सातला निघू. काय तात्या?"

सगळं गाव तात्यांकडे बघत होतं, प्रेमानं. मी हे मुद्दाम सांगतो. कुणाच्या डोळ्यांत कपट नव्हतं. तात्यांनी बायकांच्या बाजूला एकदा बघितलं. शाल खांद्यावर, नारळ दोन्ही हातांत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माणूस भारावून गेला असं समजून लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

"सातला येतो," तात्या म्हणाले.

घरी जयवंता जागाच होता. त्याला कळल्यावर म्हणाला, "जाऊ की मंगळवारी. डोंगर काय पळून चाललाय व्हय?" पण मंगळवारी नव्या सोयऱ्यांना देवाला न्यायचं निघालं, बुधवारी तिसऱ्याच कुणाची कोर्टातली तारीख, आणि आता तर टायरला वर्गणी दिलेली, त्यामुळे मागणाऱ्याला संकोचही उरला नव्हता. आधी लोक गाडी मागायचे, आता वेळ सांगायचे. पाचव्या दिवशी जयवंता एसटीनं वरकुट्याला परत गेला. जाताना तात्यांना म्हणाला, "दाजी, तुमी वाईट वाटून घिऊ नका." दशम्या शेजारीपाजारी वाटल्या गेल्या. माझ्याकडेही दोन आल्या. मी त्या खाल्ल्या.

चैत्रात जयवंताला अर्धांगाचा झटका आला. बारामतीला दवाखान्यात नेला, तात्यांनीच. वाचा गेली होती. प्रयागबाई चार दिवस त्याच्या उशाशी होत्या. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा त्या त्याच्या कानाशी वाकून विचारत होत्या, "दादा, आईची जागा कुठं रं? वड्याच्या अलीकडं का पलीकडं? हातानं तरी सांग की." जयवंताचे डोळे तिच्यावर लागले होते. त्याचा उजवा हात चादरीवर थोडा सरकला, मग पुन्हा सरकला. अलीकडं म्हणाला की पलीकडं, कुणालाच कळलं नाही. प्रयागबाई त्या हाताकडे बघत बसल्या. पाचव्या दिवशी सकाळी तो गेला.

दवाखान्याची कागदपत्रं करायला मी होतो. तात्यांनी मागची सीट ओली करून पुसली. जयवंताला आडवा ठेवला, डोकं प्रयागबाईंच्या मांडीवर. मी पुढं तात्यांच्या शेजारी बसलो. जयवंताला दवाखान्यात आणलं ती फेरी सोडली, तर पाच वर्षांत त्या गाडीत प्रयागबाई इतका वेळ पहिल्यांदाच बसत होत्या.

बारामतीबाहेरच्या चौकात उसाच्या ट्रॉल्यांची रांग आडवी आली. गाडी थांबली. इंजिन चालू होतं, त्याचा आवाज सगळीकडे भरून राहिला होता.

"अवो," मागून प्रयागबाई म्हणाल्या, "कोकणाचा रस्ता ह्यातला कंचा?"

तात्यांनी आरशात बघितलं. "ह्यो मागचा. नीरा, मग भोर, मग घाट."

"लई लांब आसंल."

किलोमीटर विचारलं की तात्यांचं उत्तर तयारच असायचं. ते तोंडातून निघून गेलं. "घाटाच्या पायथ्यापातूर दीडशे."

प्रयागबाई भावाच्या केसांवरून हात फिरवत होत्या. तो हात थांबला.

"तेवढंच?" त्या म्हणाल्या.

ट्रॉल्या पुढं सरकल्या, तात्यांनी गाडी गिअरमध्ये टाकली, आणि आम्ही वरकुट्याच्या रस्त्याला लागलो.